आधी जुनी इमारत, मग आराखडा: मिश्र-वापराचे प्रकल्प आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नगरनियोजन प्राधिकरणे, वारसा समित्या, विकासक आणि त्यांच्यासाठी आराखडे तयार करणारे वास्तुरचनाकार यांस

विषय : जतन केलेल्या वारसा इमारतींभोवती उभ्या राहणाऱ्या मिश्र-वापराच्या प्रकल्पांच्या आखणीबाबत

महोदय, महोदया,

शहराच्या मधोमध असलेली एखादी गिरणी, रेल्वेचा मालधक्का, गोदामांची रांग, गॅसच्या टाक्यांचे आवार किंवा जुना तुरुंग बंद पडतो, त्याची जमीन कित्येक वर्षे कुंपणाआड पडून राहते आणि मग एके दिवशी तिथे घरे, कार्यालये, दुकाने, हॉटेल आणि थोडी मोकळी जागा असा एकत्रित प्रकल्प येतो. त्या जमिनीवरची एक-दोन बांधकामे वारसा यादीत असल्यामुळे पाडता येत नाहीत. प्रकल्पाच्या पुस्तिकेवर चित्र त्यांचेच असते आणि प्रकल्पाला नावही बहुधा त्यांचेच दिले जाते. आराखडा मात्र वेगळ्याच क्रमाने तयार झालेला असतो. आधी किती चटईक्षेत्र, म्हणजे सर्व मजले मिळून बांधता येणारे क्षेत्रफळ, मिळते याचा हिशेब होतो, त्यावरून मनोऱ्यांची संख्या आणि उंची ठरते, मनोऱ्यांवरून पार्किंगचे मजले ठरतात, पार्किंगवरून जमिनीची पातळी ठरते, आणि एवढे सगळे ठरून झाल्यावर उरलेल्या जागेत जुनी इमारत कशी बसवायची हा प्रश्न जतनतज्ज्ञापुढे ठेवला जातो. तोवर दर्शनी भिंती स्वच्छ करण्यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही राहिलेले नसते. हा क्रम उलटा करावा, एवढीच या पत्राची मागणी आहे. ती दिसते तेवढी छोटी नाही, कारण ती मान्य केली तर पातळ्या, रस्ते, वापर, भाडे आणि परवानग्यांचे टप्पे अशा पुष्कळ गोष्टींचा फेरविचार करावा लागतो. म्हणून ती सविस्तर मांडत आहे.

मागणीमागचा विचार नवा नाही. वास्तूंच्या जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने पाचव्या कलमात सांगितले आहे की वास्तूला समाजोपयोगी वापर मिळाला तर तिचे जतन सोपे होते, मात्र त्या वापरापायी तिची मूळ रचना किंवा सजावट बदलता कामा नये. सहावे कलम भोवतालच्या प्रमाणबद्धतेचे रक्षण करायला सांगते आणि सातवे कलम वास्तूला तिच्या जागेपासून व इतिहासापासून वेगळे मानत नाही. चीनमधील शीआन येथे झालेल्या २००५ च्या वारसाविषयक घोषणापत्राने भोवताल हा वारशाच्या महत्त्वाचाच भाग असल्याचे स्पष्ट केले, तर युनेस्कोने २०११ मध्ये ऐतिहासिक शहरी भूदृश्याविषयीची शिफारस स्वीकारून सुट्या स्मारकांकडून संपूर्ण शहरी परिसराकडे लक्ष वळवले. या सर्व दस्तऐवजांचे उल्लेख प्रकल्प अहवालांच्या पहिल्या प्रकरणात नेमाने येतात. दुसऱ्या प्रकरणापासून चटईक्षेत्राची कोष्टके सुरू होतात आणि त्यानंतर सनदांकडे कोणी फिरकत नाही, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

जुन्या इमारतीपासून आखणी सुरू करणे म्हणजे नेमके काय, याचे उदाहरण म्हणून लंडनच्या किंग्ज क्रॉस भागाकडे पाहावे. तो प्रकल्प निर्दोष आहे असे मला म्हणायचे नाही, पण त्यात शिकण्यासारखे बरेच आहे. सुमारे २७ हेक्टरच्या त्या रेल्वे-जमिनीच्या आराखड्याला २००६ मध्ये मंजुरी मिळाली. तिथले धान्याचे प्रचंड कोठार १८५२ मध्ये लुईस क्युबिट यांनी बांधले होते. त्याच्यासमोर कालव्याची गोदी होती आणि बोटी थेट इमारतीच्या पोटात शिरून माल चढवत-उतरवत असत. नव्या आराखड्यात गोदीची ती जागा प्रकल्पाचा मुख्य चौक झाली. म्हणजे चौक कुठे असावा हे नव्या मनोऱ्यांनी ठरवले नाही, कोठाराच्या दाराने ठरवले. स्थानकाकडून येणारा मुख्य पादचारी मार्ग त्याच चौकात उतरतो, आणि सेंट पॉल कॅथेड्रलच्या दूरवरून दिसणाऱ्या दृश्यासाठी राखलेल्या पट्ट्यांमुळे उंचीवरही आधीच मर्यादा होत्या. दुसरी महत्त्वाची गोष्ट वापराची. या कोठारात आणि त्यामागच्या मालवाहतुकीच्या शेडमध्ये २०११ मध्ये सेंट्रल सेंट मार्टिन्स हे कला महाविद्यालय आले, आणि चौक खुला झाला तो त्यानंतर, २०१२ मध्ये. कार्यालये भाड्याने जाण्याआधी, घरे विकली जाण्याआधी तिथे हजारो विद्यार्थ्यांची रोजची ये-जा सुरू झाली होती. रिकाम्या प्रकल्पात जीव आणण्यासाठी जाहिरातींवर आणि सोहळ्यांवर जो खर्च होतो, त्यापेक्षा हा निर्णय कितीतरी शहाणपणाचा होता.

त्याच प्रकल्पात एक अवघड तडजोडही आहे. गॅसच्या तीन जोडटाक्यांचे ओतीव लोखंडी सांगाडे २००१ मध्ये रेल्वेमार्गाच्या कामासाठी उतरवले गेले, दुरुस्त झाले आणि कालव्याच्या पलीकडे पुन्हा उभे करून त्यांच्या आत २०१८ पर्यंत १४५ सदनिका बांधल्या गेल्या. व्हेनिस सनदेच्या सातव्या कलमाचा काटेकोर अर्थ लावला तर हे स्थलांतर खटकणारेच आहे. माझ्या मते मात्र ते समर्थनीय ठरते, कारण तिथे दुसरा पर्याय सांगाडे नष्ट होण्याचाच होता, सांगाडा मुळातच सुटे भाग जोडून उभा केलेला होता आणि नवे स्थान त्याच आवारात, त्याच कालव्याच्या काठी आहे. हीच सवलत दगडविटांच्या भारवाहक इमारतीला लावता येणार नाही; आणि पार्किंगच्या सोयीसाठी तर कोणत्याच इमारतीला लावता येणार नाही.

आता जमिनीच्या पातळीविषयी. हा विषय सादरीकरणात जवळजवळ कधीच येत नाही, पण जुन्या इमारतींचे सर्वाधिक नुकसान याच ठिकाणी होताना दिसते. जुन्या इमारतीचे जोते हा निव्वळ शोभेचा भाग नसतो. भोवतालच्या जमिनीपेक्षा ते उंच असते म्हणून पावसाचे पाणी भिंतीपासून दूर जाते, आणि चुन्यात बांधलेली भिंत जमिनीतून ओढलेली ओल त्या पट्ट्यातून हवेत सोडू शकते. नव्या प्रकल्पात तळघरातले पार्किंग, त्यावरचा जाड स्लॅब, त्यावर माती, त्यावर फरसबंदी असे थर चढत जातात आणि आवाराची पातळी फूट-दोन फुटांनी वर येते. जुनी इमारत मग खड्ड्यात उभी राहिल्यासारखी दिसते. दिसण्याचा प्रश्न सोडून द्या. जोते गाडले गेले की ओल भिंतीत वर चढते, लोणा धरतो, गिलावा फुगतो, आणि मग तो उपद्रव झाकण्यासाठी कोणीतरी सिमेंटचा गिलावा करतो. सिमेंटचा थर चुन्याच्या भिंतीला श्वास घेऊ देत नाही, त्यामुळे ओल आणखी वर सरकते आणि मऊ दगड किंवा वीट आतून झडू लागते. हा सारा विनाश आराखड्यावरच्या एका पातळीच्या आकड्यातून सुरू झालेला असतो. म्हणून माझी पहिली ठोस विनंती अशी आहे की वारसा इमारतीच्या उंबरठ्याची आणि जोत्याची पातळी ही संपूर्ण आवाराची आधारपातळी मानावी. तळघरे, रस्ते, पर्जन्यवाहिन्या आणि बागा यांच्या पातळ्या तिच्यावरून ठरवाव्यात. तळघर जुन्या इमारतीच्या खालून नेण्याचा प्रस्ताव तर अपवाद म्हणूनही सहजी मान्य करू नये.

खोदकामाचेही तसेच आहे. शेजारी दोन-तीन तळघरे खणायची म्हणजे पायलिंग, म्हणजे जमिनीत खोलवर पायाचे खांब घालणे, येते, भूजलाचा उपसा येतो, अवजड यंत्रे येतात. जुन्या भारवाहक भिंतींचा पाया बहुधा उथळ असतो आणि भूजलाची पातळी खाली गेली की त्याखालची माती दबते. काँक्रीटची चौकट थोडे खचणे सोसते. विटांची कमान सोसत नाही. कंपनांची मर्यादा किती असावी याला आधार नाही अशीही स्थिती नाही. जर्मनीचे डीआयएन ४१५० हे मानक कमी वारंवारतेच्या अल्पकालीन कंपनांसाठी पायापाशी साध्या निवासी इमारतीला सेकंदाला ५ मिलिमीटर वेग चालवून घेते आणि संवेदनशील वारसा इमारतीला ३ मिलिमीटर. अशी एखादी मर्यादा परवानगीच्या अटींत स्पष्ट लिहावी. तडे, कल आणि खचणे यांची मोजणी काम सुरू होण्याच्या आधीपासून, म्हणजे ऋतुमानानुसार होणाऱ्या स्वाभाविक हालचालींची नोंद मिळेल इतकी आधीपासून सुरू करावी. आणि मर्यादा ओलांडली तर काम थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे नाव घालून ठरवावे. मोजमाप ठेवायचे, पण थांबवण्याचा अधिकार कोणालाच द्यायचा नाही, हा प्रकार निरर्थक आहे. हाँगकाँगच्या मध्यवर्ती पोलिस ठाण्याच्या आवाराचे उदाहरण या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुरेसा निधी, नामांकित वास्तुरचनाकार, जतनाला वाहिलेला प्रकल्प असे सर्व काही असूनही काम चालू असताना मे २०१६ मध्ये तिथल्या विवाहित निरीक्षकांच्या निवासाचा एक भाग कोसळला. ते आवार ‘ताइ क्वुन’ या नावाने २०१८ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि आज त्याची वाखाणणी होते, ती योग्यही आहे. पण जिथे इतकी काळजी घेतली जाते तिथेही असे घडू शकते, हे आपण परवानगी देताना ध्यानात ठेवले पाहिजे.

वापराबाबत बोलायचे तर, जुन्या इमारतीला कोणता वापर पेलतो हे तिलाच विचारावे लागते. गोदामांचे मजले अवजड मालासाठी बांधलेले असल्यामुळे ते ग्रंथालय, कार्यशाळा, महाविद्यालय सहज पेलतात. पण समोरून मागपर्यंतचे त्यांचे अंतर जास्त आणि खिडक्या लहान असल्यामुळे मधल्या भागात उजेड पोचत नाही, म्हणून तिथे घरे काढायची झाली तर मधोमध उजेडासाठी चौक काढावा लागतो आणि मजले कापावे लागतात. उत्तरेच्या उजेडासाठी करवतीच्या दात्यांसारखे छप्पर असलेल्या विणकामाच्या शेडला बाजारपेठ, चित्रशाळा किंवा क्रीडागृह शोभते. तिच्यात तीन मजले घुसवले की त्या छपराचे प्रयोजनच संपते. व्हिएन्नात १८९६ ते १८९९ या काळात बांधलेल्या चार गॅस-टाक्यांच्या विटांच्या कवचांत २००१ पर्यंत खाली दुकाने, मध्ये कार्यालये आणि वर घरे अशी रचना केली गेली. चार वेगवेगळ्या वास्तुरचनाकारांनी चार टाक्या हाताळल्या आणि घरे लोकांनी आपलीशी केली. दुकानांच्या मजल्यांचे तसे झाले नाही. पुढे तिथे संगीतशिक्षणाला जागा मिळाली. यातून मी असा निष्कर्ष काढतो की मिश्र-वापराच्या आराखड्यात वापरांचे प्रमाण पहिल्या दिवशी कायमचे गोठवू नये, विशेषतः जुन्या इमारतीतले. तिने आजवर तीन-चार वापर पाहिलेले असतात. पाचव्यासाठी तिच्यात फेरफार करताना सहाव्याचीही वाट मोकळी ठेवावी, म्हणजे नव्या भिंती, मधले मजले आणि यंत्रणा अशा घालाव्यात की पुढे मूळ भिंतीला धक्का न लावता काढता येतील.

याच कारणासाठी नव्या आणि जुन्या इमारतींची सांगड बांधकामाच्या पातळीवरही घालता येते. लिफ्ट, अग्निशमनाचा जिना, स्वच्छतागृहे, वातानुकूलनाची यंत्रे या गोष्टी जुन्या इमारतीत बसवताना सर्वाधिक तोडफोड होते. शेजारी नवी इमारत उभी राहणारच असेल तर या सर्व सोयी तिच्यात ठेवून हलक्या जोडपुलाने जुन्या मजल्यांना जोडाव्यात. मिश्र-वापराच्या प्रकल्पाचा जुन्या इमारतीला होणारा हा खरा लाभ आहे, आणि तो फार थोडे आराखडाकार घेतात, कारण दोन्ही इमारतींचे काम दोन वेगळ्या चमूंकडे असते आणि त्यांची भेट बांधकाम सुरू झाल्यावर होते.

केवळ दर्शनी भिंत ठेवून मागे संपूर्ण नवी इमारत चढवण्याच्या प्रथेविषयी फार लिहीत नाही. टेकूंवर उभी राहिलेली ती भिंत रस्त्याची ओळख काही अंशी टिकवते हे खरे, पण जिच्या खिडकीमागे मजला दुसऱ्याच उंचीवर येतो आणि जिच्या दाराने कोणी आत जात नाही, तिला जतन म्हणून चटईक्षेत्राची सवलत मागणे अनुचित आहे. अशा कामाला परवानगी द्यायचीच असेल तर ती नव्या बांधकामाची परवानगी म्हणून द्यावी. सिंगापूरने १९८९ पासून जतनाच्या कक्षेत आणलेल्या, आता ७,००० हून अधिक असलेल्या इमारतींच्या बाबतीत काही भागांत निराळी वाट काढली आहे. तिथे रस्त्यालगतचे मूळ दुकानघर छप्पर, मजले, भिंती यांसह पूर्ण राखायचे आणि मागच्या बाजूस नवा विस्तार करायचा, अशी मुभा आहे. त्यामागची भूमिका सरळ आहे: जे राखायचे ते अखंड राखायचे आणि नव्याला त्याच्या मागे जागा द्यायची.

नवे कसे दिसावे, यावर वारसा समित्यांच्या बैठकांत गरजेपेक्षा जास्त वेळ जातो असे माझे मत आहे. व्हेनिस सनदेच्या नवव्या कलमाने नवे काम त्याच्या काळाचेच दिसावे असे सुचवलेले आहे, तरी नव्या मनोऱ्यांना जुन्या कमानींची नक्कल चिकटवण्याचा आग्रह होतच राहतो. नकलेने जुन्याचा मान राखला जात नाही, उलट कोणते खरे आणि कोणते खोटे हे कळेनासे होते. हाँगकाँगच्या त्याच आवारात दोन नव्या इमारतींना ओतीव अ‍ॅल्युमिनिअमच्या ठोकळ्यांचे आवरण आहे. ठोकळ्यांची मापे भोवतालच्या जुन्या विटकामाशी नाते सांगतात, पण त्यांना कोणी जुने समजणार नाही. समित्यांनी रंग आणि कमानींपेक्षा नव्या इमारतींची रुंदी, रस्त्यालगतची उंची, जुन्या इमारतीवर पडणारी सावली आणि उंच भिंतींवरून खाली उतरणारा वारा यांच्याकडे अधिक काटेकोरपणे पाहावे. जुन्या इमारतीसमोरचा चौक कितीही देखणा असला, तरी शेजारच्या मनोऱ्यामुळे तिथे उभे राहणे नकोसे होत असेल तर तो वापरात येत नाही. आणि चारही बाजूंनी नव्या इमारतींनी इतके वेढू नये की जुनी इमारत पाहायला दूरवर जावे लागेल. लंडनच्याच बॅटरसी वीजकेंद्राच्या चार धुरांड्यांची रूपरेषा शहरभर ओळखीची आहे, पण नव्या इमारती इतक्या जवळ आल्या आहेत की अनेक बाजूंनी तिचे फक्त तुकडे दिसतात.

बॅटरसीचे नाव निघाले आहे तर पैशाचा विषय तिथूनच पुढे नेतो. १९८३ मध्ये बंद झालेले ते वीजकेंद्र २०२२ मध्ये लोकांसाठी उघडले. मधल्या काळात एक मनोरंजन उद्यानाची योजना अर्धवट सोडली गेली, छप्पर काढलेल्या अवस्थेत इमारत पावसात उभी राहिली आणि मालक बदलत गेले. शेवटी काम पूर्ण झाले खरे, पण २०१७ मध्ये परवडणाऱ्या घरांची संख्या ६३६ वरून ३८६ वर आणण्यास मान्यता मिळाली, आणि त्यासाठी दिलेल्या कारणांत प्रकल्पाचा वाढता खर्च होता. जतनाचा भार अशा रीतीने ज्यांचा त्या निर्णयाशी काही संबंध नाही त्यांच्यावर पडू नये. तो पडतो, कारण जतनाचा खर्च अंदाजात कमी दाखवलेला असतो आणि परवानगी मिळून गेल्यावर तो वाढल्याचे लक्षात आणून दिले जाते. इमारतीची सविस्तर तपासणी, म्हणजे नमुने काढणे, पाया उघडून पाहणे, लाकूड आणि लोखंडाची चाचणी, परवानगीच्या आधी सक्तीची केली तर हा बहाणा बऱ्याच अंशी बंद होईल.

हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे एका भूखंडावर न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्या भूखंडावर नेण्याची मुभा, हे साधन मला उपयुक्त वाटते, पण ते जपून वापरावे लागते. न्यूयॉर्कमध्ये पेन स्टेशन हे जुने रेल्वेस्थानक १९६३ पासून पाडले गेल्यावर जो संताप उसळला त्यातून १९६५ चा वारसा कायदा आला, आणि ग्रँड सेंट्रल स्थानकावर मनोरा बांधू न दिल्याबद्दलचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर १९७८ मध्ये न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली. मालकाला आपले न वापरलेले बांधकाम हक्क जवळच्या भूखंडांवर नेता येतात, ही बाब त्या निकालात महत्त्वाची ठरली. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू केली तेव्हा हेच तत्त्व स्वीकारले. प्रश्न येतो तो हे हक्क कुठे उतरतात याचा. ते वारसा इमारतीच्या शेजारच्याच भूखंडावर उतरले तर जे तिच्या डोक्यावरून हटवले तेच तिच्या कडेला येऊन उभे राहते. म्हणून कोणत्या भागात हे हक्क स्वीकारले जातील याचा नकाशा आधी तयार हवा.

नियमाची वाक्यरचनाही किती महाग पडू शकते हे मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींनी दाखवून दिले आहे. १९९१ च्या नियमाप्रमाणे पुनर्विकासाला निघालेल्या गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी अशी वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. शहराच्या वाट्याला येणारी जमीन त्यामुळे प्रचंड घटली, शेड पाडल्या गेल्या, आणि अनेक ठिकाणी धुरांडे तेवढे शिल्लक राहिले. जिथे वारसा, मोकळी जागा आणि घरे या तिन्ही गोष्टी एकाच आराखड्यातून साधायच्या होत्या तिथे तिन्ही कमी पडल्या.

लोकांविषयी आणि भाड्याविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. शांघायच्या शिनतिएनदी भागात दगडी चौकटींच्या दारांची जुनी घरे २००१ पर्यंत उपाहारगृहे आणि दुकाने झाली. प्रकल्प व्यवसायाच्या दृष्टीने यशस्वी ठरला, त्याचे अनुकरणही झाले, पण तिथे राहणारी कुटुंबे तिथून हलवली गेली आणि आता त्या गल्ल्यांत घर म्हणून कोणी राहत नाही. बॉस्टनच्या क्विन्सी मार्केटचे १९७६ मध्ये झालेले पुनरुज्जीवन हे अशा प्रकल्पांचे मूळपुरुष मानले जाते. पडझडीपासून बाजार वाचला, मात्र शहरातल्या लोकांचा तो रोजचा बाजार न राहता पाहुण्यांचे ठिकाण झाला. टोरंटोतल्या १८३२ पासूनच्या मद्यनिर्मिती कारखान्याचे आवार २००३ मध्ये पादचाऱ्यांसाठी खुले करताना साखळी-दुकानांना जागा न देण्याचे धोरण ठेवले गेले. त्या धोरणामुळे सुरुवातीला तरी कलाकार आणि लहान व्यावसायिक तिथे टिकू शकले. जुन्या इमारतीचे एक मोठे सामर्थ्य असे की तिचा बांधकामखर्च केव्हाच फिटलेला असतो, म्हणून तिथले भाडे कमी असू शकते आणि जे नव्या इमारतीत परवडत नाही ते तिथे रुजते. दुरुस्तीचा सगळा खर्च तिच्याच भाड्यातून वसूल करायचा ठरवला की हे सामर्थ्य नाहीसे होते आणि उरतात फक्त महागडी दुकाने. मिश्र-वापराच्या प्रकल्पात नव्या इमारतींचे उत्पन्न हाताशी असते. ते जुन्या इमारतीचे भाडे आवाक्यात ठेवण्यासाठी वापरता येते, आणि वापरलेच पाहिजे असे मी म्हणेन.

पर्यावरणाचा मुद्दा थोडक्यात मांडतो, कारण तो आता सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वारसा न्यासाच्या २०११ च्या अभ्यासानुसार सरासरी जुन्या इमारतीपेक्षा ३० टक्के अधिक ऊर्जाक्षम असलेल्या नव्या इमारतीलाही, तिच्या बांधकामातून झालेला हवामानावरचा परिणाम भरून काढायला वापराची १० ते ८० वर्षे लागतात. हे लक्षात घेतले तर यादीत नसलेल्या, पण भक्कम असलेल्या शेजारच्या शेड आणि कार्यालयेही पाडण्याआधी विचार व्हायला हवा. वारसा इमारत एकटी क्वचितच असते. वजनकाटा, कामगारांची खानावळ, कुंपणभिंत, रूळ आणि पाण्याची टाकी यांच्यासह ती समजते.

या सगळ्याचा विचार करून प्राधिकरणांना माझी विनंती आहे की जतनाचे काम पहिल्या टप्प्यात ठेवावे आणि ते पूर्ण झाल्याशिवाय मनोऱ्यांना भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. अपवाद केला तर उरलेल्या जतनकामाच्या खर्चाइतकी बँक हमी घ्यावी. वारसा समित्यांनी संकल्पचित्रे पाहण्याआधी पातळ्यांचा नकाशा, सावल्यांचा अभ्यास, खोदकामाची पद्धत आणि इमारतीच्या तपासणीचा अहवाल मागावा. विकासकांनी प्रकल्पाच्या वार्षिक देखभाल वर्गणीचा ठरावीक हिस्सा वारसा इमारतीच्या देखभालीसाठी वेगळा ठेवावा आणि तो हिस्सा सदनिकांच्या विक्रीकरारातच लिहावा, म्हणजे प्रकल्प विकून बाहेर पडल्यानंतर गटार तुंबले किंवा कौल सरकले तर ते कोणी बघायचे हा वाद राहणार नाही. वास्तुरचनाकारांनी जतनतज्ज्ञाला आपल्या चमूत पहिल्या दिवसापासून घ्यावे. उंची आणि क्षेत्रफळ ठरण्याआधी, म्हणजे ज्या टप्प्यात ‘हे नको’ असे म्हणण्याला अजून अर्थ असतो त्या टप्प्यात.

शेवटची विनंती पुन्हा प्राधिकरणांनाच आहे. इमारतीचा तपासणी अहवाल, जतनाचा आराखडा आणि परवानगीच्या अटी जनसुनावणीच्या किमान दोन महिने आधी लोकांना मोफत वाचायला उपलब्ध करून द्याव्यात, आणि काम चालू असताना तडे व कंपनांच्या नोंदीही दरमहा त्याच ठिकाणी ठेवाव्यात.

कळावे,
आपला,
जतनाच्या क्षेत्रात काम करणारा एक वास्तुरचनाकार